गावात पडकी बारव, गढी, जुनं देऊळ आणि ओसाड गायरान आहे, पोरं पंधरा आणि पैसा नाही, तर सुरुवात कुठून करायची?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. अमळनेर तालुक्यातलं बोरी नदीकाठचं गाव, गावात गाळानं भरलेली बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, निम्मी ढासळलेली गढी, महादेवाचं दगडी देऊळ, वेशीबाहेर मातीत रुतलेले चार-पाच वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, आणि नदीकाठच्या गायरानात वेडी बाभूळ माजलेली. तुम्ही पंधरा पोरं. मागच्या 5 जूनला पाचशे झाडं लावली, यंदा मोजली तर अकरा जिवंत. ग्रामपंचायत म्हणते निधी नाही. आणि गावचेच एक गृहस्थ, आता बाहेर धंदा करतात, ते देवळाला टाइल्स आणि ऑइल पेंट मारून द्यायला तयार आहेत, तर ते घ्यावं का आणि पहिलं काम कुठलं धरावं, हे तुम्ही विचारलंय.

मी बांधकामातला माणूस, धुळ्यात राहतो, आणि बावीस-तेवीस वर्षं साक्री, शिंदखेडा, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात गावातल्या पोरांबरोबर हेच काम करतोय. आधी थेट उत्तर देतो. टाइल्सला नाही म्हणा पण माणसाला नाही म्हणू नका, त्यांचे पैसे कुठे लावायचे ते खाली सांगतो. आणि पहिलं काम बारव नाही, देऊळ नाही, झाडं पण नाही. पहिलं काम म्हणजे कुठल्या वस्तूची राखण कोण करणार आणि कोणत्या दिवशी करणार, याची पाळी लावणं. तुम्हाला वाटेल हे काय सांगतोय हा माणूस, आम्ही तर फावडी घेऊन तयार बसलोय. पण मी जेवढी कामं मोडलेली पाहिली ती पैशाअभावी कमी आणि दुसऱ्या वर्षी कोणी फिरकलं नाही म्हणून जास्त मोडली.

आपल्या खान्देशात याचं उत्तर आधीच तयार आहे म्हणून सांगतो. पांझरा नदीवरची फड पद्धत तुम्ही ऐकली असेल. नदीवर एकामागून एक दगडी बंधारे, त्यातून निघालेला पाट, पुढे चाऱ्या, आणि गावाच्या बागायतीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे सलग तुकडे, पाडलेले, एका फडात एकच पीक, ऊस असेल तर सगळ्यांचा ऊस. पाणी कमी पडणार असं दिसलं की यंदा कुठला फड कोरडा ठेवायचा ते आधीच बसून ठरायचं. कित्येक बंधारे तीनशे-चारशे वर्षांचे आहेत. लोक म्हणतात जुने कारागीर भारी होते म्हणून टिकले, ते होतेच, पण मला विचाराल तर ते बंधारे पाटकऱ्यामुळे आणि जागल्यामुळे टिकले. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या पिकावर नजर ठेवायचा, दोघांना प्रत्येक शेतकऱ्याकडून धान्याचा वाटा ठरलेला, आणि हंगामाच्या आधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस यायचाच यायचा. जिथे ही व्यवस्था मोडली तिथे दगड शाबूत असून पाट बुजले, मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरं उदाहरण त्याहून जुनं. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेला असाल, गौताळा अभयारण्यात. तिथला शिलालेख शके 1128 चा, म्हणजे 1207 च्या आसपासचा, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. सगळे भास्कराचार्यांचं नाव बघून नमस्कार करून येतात. मला त्याचा शेवटचा भाग मोलाचा वाटतो, जो जुन्या मराठीत आहे. त्यात मठाला काय काय मिळणार ते लिहिलंय. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्याच्यावरचा राजाचा अमुक हिस्सा मठाला, जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्या घाण्यांमागे पळीपळी तेल मठाला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी सुद्धा नुसती इमारत बांधून कोणी मोकळं होत नव्हतं, दिव्याचं तेल कुठून येणार हे दगडात कोरून ठेवायचे. तुमच्या पंधरा जणांच्या ग्रुपनं पहिल्या बैठकीत हीच गोष्ट ठरवायची आहे, घाण्यामागे पळीभर तेल कोण देणार.

आता कामाचं बोलू.

पहिले तीन महिने कशालाही फावडं लावू नका. फोटो काढा, मोजा, लिहा. बारवेच्या किती पायऱ्या दिसतात, कमान आहे का, कोनाडे किती, भिंत कुठे फुगलीय, पिंपळ कुठून फुटलाय. वीरगळाचे चारी बाजूंनी फोटो, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, तिरपं ऊन पडलं की झिजलेली आकृती पण उठून दिसते, दुपारी काहीच दिसत नाही. प्रत्येक फोटोत एक मोजपट्टी ठेवा. त्या दगडांना खडू, पीठ, तेल काही चोळू नका, अक्षरं दिसावीत म्हणून लोक चोळतात आणि मग ते जातच नाही. सोबत सातबारा काढा, गावनकाशा काढा. बारव कोणाच्या गटात आहे, गढीचे वारस किती आहेत आणि कुठे आहेत, गायरान कागदावर किती आणि जागेवर किती. गायरानाची मोजणी ग्रामपंचायतीच्या अर्जावर भूमी अभिलेखकडून होते, वेळ लागतो पण करून घ्या. गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असं सुप्रीम कोर्टानं 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सगळ्या राज्यांना सांगितलंय, तरी मोजणीचा कागद हातात नसेल तर नुसती भांडणं होतात, आणि ती भांडणं तुमच्याच काका-मामांशी होणार, म्हणून कागद आधी.

आणि म्हाताऱ्या माणसांशी बोला. बायकांशी तर आधी बोला. पोरं काय करतात, चार आजोबांना चावडीवर गाठतात आणि इतिहास लिहून मोकळे होतात. बारवेचं पाणी भरलं कोणी? आजींनी भरलं. कुठल्या पायरीपर्यंत पाणी उन्हाळ्यात उतरायचं, कोणत्या वर्षी तळ दिसला, कुठल्या कोपऱ्यात झरा होता, कुठल्या घरांना त्या पायऱ्या उतरू देत नव्हते, हे सगळं त्यांना ठाऊक आहे. शेवटची गोष्ट अवघड आहे तरी विचारा आणि लिहा, कारण उद्या बारव साफ झाली की ती सगळ्या गावाची असणार आहे हे पहिल्या दिवशीच ठरलं पाहिजे. ज्या वस्तीला तेव्हा वर उभं राहून ओंजळीत पाणी घ्यावं लागलं त्या वस्तीतली पोरं तुमच्या पंधरात नसतील तर पाळी लावण्याआधी त्यांच्या घरी जा, त्यांना बोलवा.

आता बारव. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथे जीव जाऊ शकतो. साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट, एका गावात आम्ही पाणी भरलेली जुनी बारव दोन डिझेल पंप लावून दोन दिवसांत उपसली. सगळे खूष, फोटो वगैरे काढले. तिसऱ्या रात्री पश्चिमेची भिंत बसली, जवळजवळ बारा फूट रुंदीची. रात्र होती म्हणून आत कोणी नव्हतं. चूक माझी होती, मी बांधकामातला असून मला कळायला हवं होतं. भिंतीच्या मागची माती पाण्यानं चिंब असते, आतलं पाणी तिला उलटा टेका देत असतं, तुम्ही टेका झटक्यात काढला की मागचं पाणी भिंतीला आत ढकलतं. तेव्हापासून आमचा नियम, दिवसाला एक ते दीड फुटापेक्षा जास्त पाणी उतरवायचं नाही, दर दोन दिवसांनी थांबून भिंतीकडे बघायचं, सांध्यातून पाणी झिरपत असेल तर ते थांबेपर्यंत पंप बंद. फुगलेल्या भागाखाली कोणीही उभं राहायचं नाही.

खोल आणि अरुंद भागात उतरण्याआधी हवा तपासा, सडलेल्या गाळातून घातक वायू निघतो आणि त्याचा वास दरवेळी येतोच असं नाही. जुने लोक कंदील सोडायचे, विझला तर उतरायचं नाही, पण न विझला म्हणून सगळं ठीक असंही समजू नका, काही वायूंत कंदील जळत राहतो आणि माणूस पडतो. गॅस मीटर भाड्यानं मिळतो, किंवा नगरपालिकेच्या अग्निशमनवाल्यांना विनंती करा, ते बऱ्याचदा येतात. कमरेला दोर, वर दोन माणसं, आणि आतला माणूस पडला तर त्याला काढायला दुसरा लगेच खाली उतरणार नाही, हे आधी बजावून ठेवा. विहिरीत एकामागून एक तीन-तीन माणसं जातात ती अशीच.

जेसीबी काठापासून लांब ठेवा. गाळ टोपल्यांनी वर काढा आणि बाजूला पसरून हातानं बघा, लगेच कोणाच्या शेतात टाकू नका. बारवेच्या गाळात मूर्ती निघतात, तांब्याची भांडी, नाणी निघतात. निघालं तर त्या जागी फोटो, तारीख, किती खोलीवर ते लिहा, आणि तहसीलदारांना लेखी कळवा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत पुरलेलं सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारक आहे, कायदा जुना असला तरी लागू आहे. मूर्ती सापडली की गावात उत्साह येतो, लगेच ओटा बांधून शेंदूर लावून प्रतिष्ठापना करायची घाई होते. तेव्हा ठाम राहा. पंचनामा झाल्यावर ती गावात कशी ठेवता येईल ते बोलता येतं, पण लपवली तर पुढे सगळं काम चोरीच्या संशयाखाली येतं आणि मग पोरं परत त्या बारवेकडे जात नाहीत.

एक अजून. प्रत्येक बारव अहिल्यादेवींचीच असं आपल्याकडे म्हणतात. त्यांनी खूप केलं, खान्देशचा बराच भाग होळकरांकडे होता, त्यामुळे असू शकते. पण तुमच्या फलकावर पुरावा असेल तेच लिहा. शिलालेख नसेल तर "गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार" एवढं पुरे.

आता देऊळ आणि टाइल्स. आपला काळा दगड स्वतः पाणी फारसं पीत नाही, पाणी येतं-जातं ते सांध्यातून. जुन्या देवळात कुठे दगड नुसते एकावर एक बसवलेले, कुठे सांध्यात चुना. चुना मऊ असतो, त्यातून ओल बाहेर पडते, इमारत थोडी हलली तरी तो सांभाळून घेतो. तुम्ही सिमेंटनं सांधे भरले की पावसाचं पाणी वरून शिरतंच, शिखरातून, छतावरून, पण बाहेर यायची वाट बंद होते. मग ते आत साचतं, माती धुते, भिंतीला पोट सुटतं. आम्ही सुरुवातीच्या काळात एका देवळाच्या जोत्याला सिमेंट मारलं होतं, चार पावसाळ्यांनी जोतं बाहेर यायला लागलं आणि ते सिमेंट छिन्नीनं काढताना दगडाच्या कडा फुटल्या, त्या कडा आता परत येणार नाहीत. ऑइल पेंटचं तेच, ओल आत कोंडते, वर पापुद्रे सुटतात आणि मग कोणीतरी अॅसिडनं धुवायला येतो. अॅसिड, सँडब्लास्टिंग, ग्राइंडर, तिन्ही नको. मऊ ब्रश, साधं पाणी, भरपूर वेळ.

मग त्या गृहस्थांचे पैसे कुठे? छतावर. देवळाचं छत गळत नसेल तर बाकी अर्धी दुखणी येतच नाहीत. वर माती साचलेली असते, गवत, पिंपळाची रोपं. माती हातानं काढा, जुने उतार आणि पन्हाळी मोकळ्या करा, आणि वरचा थर चुन्याचा करून घ्या. कळीचा चुना पाण्यात विरवून निदान महिनाभर मुरू द्या, जास्त मुरला तर आणखी चांगला. साधारण एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू, जिथे पाणी जास्त लागतं तिथे थोडी सुरखी म्हणजे विटेचा चुरा. जुने गवंडी गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायचे, मिळालं तर घाला. हे काम दिवाळी ते माघ एवढ्यातच करा, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात चुना वाळतो पण धरत नाही, आणि थंडीतही आठ-दहा दिवस ओली गोणपाटं टाकून ठेवावी लागतात. चुन्याचं काम येणारा एखादा म्हातारा गवंडी पंचक्रोशीत अजून सापडतो, त्याला चांगली मजुरी द्या आणि त्याच्या हाताखाली गावातली दोन पोरं लावा. दात्याला सांगा, तुमच्या नावाची पाटी छोटी लावू पण तुमच्या पैशानं गावात दोन कारागीर तयार होतील. मी असं समजावलेली बरीचशी माणसं मानली. माणूस गावावरच्या मायेनं पैसे देतो, टाइल्स म्हणतो कारण त्याला दुसरं काही कोणी दाखवलेलं नसतं.

भिंतीतला पिंपळ ओढून काढू नका. मुळं दगडांना धरून असतात, ओढलं की दगड येतात. वरून कापा, खोडाला भोक पाडून औषध भरा, वाळू द्या, मग सांधा भरा. आणि दर पावसाळ्यानंतर नवी रोपं बोटाएवढी असतानाच उपटा, हे पाळीत लिहून ठेवायचं काम, वर्षातून दोन दिवसांचं.

हे सगळं देऊळ संरक्षित स्मारक नसेल तर. आधी चौकशी करा. केंद्राच्या संरक्षित स्मारकाला, जसं बळसाण्याची देवळं किंवा थाळनेरच्या फारुकी राजांच्या कबरी, तिथे परवानगीशिवाय काहीही करायचं नाही, सफाई सुद्धा विचारून. त्यांच्याभोवती 100 मीटरात बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरात परवानगी लागते, हे 2010 च्या दुरुस्तीनं थेट कायद्यात आलंय. राज्याच्या यादीतलं असेल तर पुरातत्त्व विभागाचं आपल्यासाठीचं ऑफिस नाशिकला आहे. पत्र द्या, पोच घ्या, महिन्यानं परत जा. उत्तर उशिरा येतं, पण मी अनुभवानं सांगतो, मोजमापं आणि फोटो जोडून गेलेल्या पत्राला उत्तर येतं.

गढीबद्दल थोडं वेगळं. बुरूज वाचवायला तुमच्याकडे आज ना पैसा ना कौशल्य, वारसांच्या सह्या गोळा करण्यातच वर्ष जाईल. पण गढीची पांढरी माती वाचवा. आपल्याकडे धाब्याच्या घरांवर टाकायला गढीची, पांढरीच्या टेकाडाची माती नेतात, चिकट असते, पाणी धरत नाही म्हणून. ती पांढरी का आहे? शेकडो, कधी हजारो वर्षं माणसं तिथे राहिली, चुलीची राख, पडक्या भिंती, शेण, हाडं, सगळं थरावर थर. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशा गावाला आणि गिरणेकाठच्या बहाळला अशाच टेकाडांत 1950 च्या दशकात खोदकाम झालं आणि ताम्रपाषाण काळापर्यंतचे थर निघाले. तापीकाठच्या सावळदा गावाच्या नावानं तर एक अख्खी संस्कृती ओळखली जाते, चार हजार वर्षांपूर्वीची. आणि चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली नक्षी मिळाली, ती सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीची. हे सगळं आपल्या पायाखालचं आहे हो. गढीवरून ट्रॅक्टर भरून माती जात असेल तर ग्रामसभेत ठराव करून ती थांबवा, याला एक रुपया लागत नाही. खापरं वर पडलेली दिसली तर फोटो काढा, उकरू नका.

झाडांकडे येतो. पाचशेतली अकरा जगली म्हणून मन खट्टू करून घेऊ नका, गणित चुकलं होतं, मेहनत नाही. बघा, आपल्या भागात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. एका रोपाला आठवड्याला 12 लिटर धरा, फेब्रुवारी ते जून वीस पाळ्या, झाले 240 लिटर. पाचशे रोपांना 1 लाख 20 हजार लिटर, म्हणजे पाच हजाराचे चोवीस टँकर, तेही गावाला प्यायला पाणी नसताना. कोण देणार? चाळीस झाडं लावा. चाळीस झाडांची एक पाळी 480 लिटरची, ट्रॉलीत पाचशेची टाकी ठेवली की दोन पोरं सकाळी दोन तासांत उरकतात. तीन उन्हाळे पाणी द्यायचं, तिसऱ्या वर्षी निम्मं, मग ती जगतात. दरवर्षी चाळीस. बुंध्याशी कपाशीच्या पऱ्हाट्यांचा चुरा किंवा केळीचा वाळलेला पाला चांगला वीतभर अंथरा, ओल टिकते. शेळ्यांसाठी लोखंडी ट्री गार्डवर पैसे घालू नका, ते चोरीला जातात, बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा. आणि शेळ्यावाल्यांना बैठकीला बोलवा. गायरान त्यांचं पोट आहे, तुम्ही अख्खं बंद केलं तर ते रात्री चारणार आणि त्यांचं चुकणार पण नाही. चार भाग करा, एक भाग बंद, तीन उघडे, तीन वर्षांनी फिरवा. फडासारखंच झालं की नाही हे.

काय लावायचं? निंब, वड, पिंपळ, उंबर, चिंच, करंज, बेल, बोर, कवठ, भोकर, नदीच्या बाजूला जांभूळ, अर्जुन. आणि अंजन. आपल्या खान्देशचं झाड म्हणजे अंजन, खडकाळ माळावर जिथे काही येत नाही तिथे उभं राहतं. पण नर्सरीत छोट्या पिशवीतलं घेऊ नका, त्याचं सोटमूळ पिशवीत गुंडाळलं जातं आणि मग ते कधीच खोल जात नाही. बी थेट जागेवर पेरा. पहिली काही वर्षं वर काहीच वाढत नाही, कधी वरचा शेंडा वाळतो पण, लोक म्हणतात मेलं. ते खाली मूळ सोडत असतं. खुणेला काठी रोवून ठेवा आणि धीर धरा. गुलमोहर, सप्तपर्णी, कोनोकार्पस दिसायला पटकन हिरवं होतं म्हणून कोणी सुचवेल, नको म्हणा.

वेडी बाभूळ एकदम साफ करू नका, नदीकाठची माती पहिल्या पावसात जाईल. गुंठा-दोन गुंठे घ्या, जमिनीखाली फूटभर खणून मुळाचा गड्डा काढा, नुसती वरून कापली तर दसपट फुटते, आणि तिथे लगेच गवत आणि रोपं. पुढच्या वर्षी पुढचे दोन गुंठे.

हे होतं का, असं वाटत असेल तर सगळे मिळून एकदा साक्री तालुक्यात बारीपाड्याला जाऊन या. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून साडेचारशे हेक्टरच्या आसपास जंगल राखलं, त्यांना 2025 ची पद्मश्री मिळाली. तिथे बघण्यासारखं म्हणजे त्यांचे नियम आणि दंड, जे गावानंच ठरवले आणि गावानंच पाळले, आणि वनभाज्यांची स्पर्धा, जिच्यात बाया रानातल्या भाज्या करून आणतात आणि रान कशाला राखायचं ते कोणाला वेगळं समजवावं लागत नाही. तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असणारच, 2002 च्या कायद्यानं ती करावीच लागते. सरपंचांकडून तिचं रजिस्टर मागा. बहुतेक ते कोणीतरी धुळ्या-जळगावला बसून भरलेलं असतं. ते तुम्ही पोरं खरं करा, झाड-झाड, पक्षी-पक्षी. जळगावजवळची लांडोरखोरी याच कायद्याखाली जैवविविधता वारसा स्थळ झाली आहे, त्यामुळे हा कागद फुकट नाही.

निधीचं म्हणाल तर खड्डे, गाळ, दगडी बांध, रोपं जगवणं यातलं बरंच रोजगार हमीत बसतं, आणि राज्य सरकारच्या माझी वसुंधरा या पर्यावरणाच्या अभियानात ग्रामपंचायतीला गुण मिळतात म्हणून ग्रामसेवक पण ऐकतात. पण जो पैसा येईल त्याचा हिशोब महिन्याच्या महिन्याला चावडीच्या फळ्यावर लिहा, दोन हजार असले तरी. आणि ग्रामपंचायत निवडणुकीच्या वर्षी तुमच्यातला कोणी उभा राहणार असेल तर त्यानं तेवढे महिने पाळीतलं काम करावं पण बैठकीत पुढे बसू नये. आमचा एक चांगला चाललेला ग्रुप असाच दोन पॅनलांत फुटला, आणि त्यांच्या बारवेत परत कचरा पडला, याचं मला आजही वाईट वाटतं.

पाळी कशी लावायची ते तुम्हाला नमुना म्हणून सांगतो. एका वहीत बारा पानं, पानाला महिना. कार्तिकात भिंतीतली रोपं उपटणं, मार्गशीर्ष-पौषात चुन्याचं काम आणि बारवेचा गाळ, माघापासून दर रविवारी पाणी, वैशाखात पन्हाळी आणि छत साफ करणं, पाऊस सुरू झाला की लावणी, श्रावणात कुठे गळतंय ते बघून लिहून ठेवणं, त्यावर पुढच्या थंडीत काम. प्रत्येक ओळीसमोर दोन नावं, एक गावातच राहणारा आणि एक नोकरीला बाहेर असणारा पण सुट्टीला येणारा. नाव ज्याचं त्याला जमलं नाही तर बदली माणूस त्यानंच द्यायचा. वही देवळात ठेवू नका, किराणा दुकानात ठेवा, रोज सगळ्यांच्या नजरेसमोर राहते.

आणि आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, वाट बघा. लेकी माहेरी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले असतात, सगळ्या वयाच्या बाया एका जागी भेटायची ती एकच वेळ. आमच्याकडे एका गावात रस्त्याच्या कामात जुना निंब जाणार होता, पोरांनी अर्ज-विनंत्या करून पाहिल्या, काही झालं नाही. आखाजीला सत्तरीच्या एक आजी माहेरी आल्या होत्या, त्या ठेकेदाराच्या माणसासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "हाई निंब मन्हा आजानी लाया, मी याले झोका खेळेल शे." मागे पंधरा-वीस बाया. रस्ता चार फूट सरकला, निंब अजून आहे. तर आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बारवेवर त्या सगळ्यांना बोलवा, चहा ठेवा, गावनकाशा मोठा करून जमिनीवर पसरा आणि कुठे काय होतं ते त्यांना बोटानं दाखवायला सांगा. मोबाईलवर रेकॉर्ड करा. तोवर तुमची मोजमापं झालेली असतील, तो नकाशा आणि बारवेचे फोटो मला पाठवा, पाणी किती दिवसांत उतरवायचं ते आपण भिंत बघून ठरवू, त्याआधी पंप लावू नका.